मीठ पडायच्या आधीचं

खरकटं म्हणजे काय हे मला कळायला लग्नानंतर अठरा वर्षं लागली, आणि तेही मातीच्या तपासणीचा कागद वाचून. तोवर मला वाटायचं, हा शब्द तर आपल्याला लहानपणापासून पाठ आहे.

मी वाढले जुन्नरच्या बाजारपेठेत. वडलांचा भाजीचा गाळा होता आणि शेजारी एका बागवान चाचांचं फळांचं दुकान. दिवसभराचा पाला, कोबीची वरची पानं, डागी पेरू, केळीची सालं संध्याकाळी एका कोपऱ्यात जायची आणि गल्लीतल्या गाई त्यावर तुटून पडायच्या. त्या ढिगाला आम्ही कचरा म्हणायचो, खरकटं नाही. खरकटं घरात असायचं. जेवता जेवता माठाला हात लावला की आई ओरडायची, खरकटा हात आहे ना तुझा! म्हणजे खरकटं म्हणजे विटाळ, झालं. एवढा अर्थ गाठीला बांधून मी निरगुडसरला सासरी आले.

सासरी तर या शब्दाचं राज्यच होतं. सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. आत्यांच्या स्वयंपाकघरात ताटावर बसलेल्या माणसाने आमटीचा डाव धरायचा नाही. शेंगदाणे खाल्लेला हात चालतो, चुरमुरे खाल्लेला चालतो, पण भात-भाजीला लागलेला हात धुतल्याशिवाय कुठे लावायचा नाही. असं का, म्हणून विचारलं तर उत्तर एकच, "खरकटं ते खरकटं." मी तोंडाची तिखट, बारावी शिकलेली आणि वर बाजारात वाढलेली. सुरुवातीला मी वाद घालायचे. मग तोंडातल्या तोंडात पुटपुटायला लागले. पुढे पुढे तर ते शब्द आले की माझे कान आपोआप बंद व्हायचे. घोटाळा तिथेच झाला.

घराच्या मागे, विहिरीला लागून, वीस गुंठ्यांचं वावर आहे. लग्न करून आले तेव्हा मला भाजी विकता यायची, पिकवता येत नव्हती. रोप कसं धरायचं, किती खोल लावायचं, तारेला सुतळीने कसं बांधायचं, हे सगळं मी त्या वावरात शिकले. पहिल्या वर्षी बायका माझ्या लावणीला हसायच्या, तिसऱ्या वर्षी मलाच विचारायला यायला लागल्या. त्या वावराची मला माया होती, यात लपवायचं काय? माहेरचा गाळा कधीच बंद झाला होता. हे वावर तेवढं माझं होतं.

पण आम्ही त्याचे हाल केले. टोमॅटोच्या मागे टोमॅटो, उन्हाळी झाला की पावसाळी. बैल गेले, म्हशी गेल्या, गोठ्यात एक गाय राहिली. पूर्वी गोठ्यामागचा उकिरडा माणसाच्या डोक्याच्या वर जायचा म्हणतात, मी पाहिला तो गुडघ्याएवढा, आणि नंतर नंतर चार टोपल्यांचा. शेणखत नाही म्हणून गोण्या ओतल्या, गोण्यांनी भागेना म्हणून ठिबकमधून आणखी काय काय सोडलं. शेवटी अशी गत झाली की पाणी दिलं तर वरच्यावर चकाकत बसायचं, खाली उतरायचंच नाही. वाळलं की कुदळ ठण्ण वाजायची. ढेकळं फुटता फुटायची नाहीत आणि गांडूळ म्हणाल तर औषधालाही नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास एक वीटभट्टीवाला येऊन गेला. त्याने एक ढेकूळ उचललं, नखाने खरवडलं, हातावर घासलं आणि खूश होऊन म्हणाला, "राव, याच्या विटा लई टणक व्हत्याल." त्याला चार हात खोलवर माती पाहिजे होती. खाली जो खड्डा राहील त्याचं शेततळं करा, असा फुकटचा सल्लाही त्याने दिला.

आमचे हे म्हणजे शांत माणूस. भाड्याने पिकअप चालवतात, बोलणं मोजकं. ते म्हणाले, "पीक यीना त्यात. ठिवून तरी काय करायचं?"

माझं डोकं सणकलं. मी म्हणाले, "माती विकायची? आज माती विकताय, उद्या मला विकाल!"

"तुला कोण घेतंय?" ते म्हणाले.

आत्या फिस्सकन हसल्या. मलाही हसू आलं, पण मी ते दाबलं आणि तिथंच हट्टाला पेटले. मला दोन उन्हाळे द्या, म्हटलं. दोन उन्हाळ्यांत या वावरात नीट टोमॅटो आला नाही तर खुशाल खणून न्या, मी आडवी येणार नाही. हे "बरं" म्हणाले. त्यांचं बरं म्हणजे बरं असतं. भट्टीवाल्याला त्यांनी तसा निरोप दिला. म्हणजे वावर वाचलं नव्हतं, त्याची तारीख तेवढी पुढे गेली होती.

आता जमिनीच्या पोटात घालायचं तरी काय? शेणखत विकत घ्यायचं तर एवढ्या वावराला ते कुठवर पुरणार? तेव्हा मला गावाबाहेरच्या रस्त्यावरचं मंगल कार्यालय आठवलं. लग्नसराईत तिथे पंगतींमागे पंगती उठतात आणि मागच्या ओढ्यात भात, भाजी, पुऱ्या, जिलेब्यांचे ढीग पडतात. माझं बाजारातलं डोकं चाललं. एवढं सगळं फुकट कुजतंय, ते आपल्या वावरात कुजलं तर काय बिघडलं? मॅनेजरला विचारलं तर त्याने हातच जोडले. "वहिनी, न्या. उपकार व्हतील. वासानं जीव चाललाय."

तुळशीचं लग्न लागलं आणि माझी खताची वरात निघाली. ह्यांची पिकअप बाजारातून रिकामी परतताना कार्यालयावरून पिंपं भरून आणायची. वावराच्या कडेला मी थर रचायचे. खाली उसाचं पाचट, त्यावर पंगतीतलं उरलंसुरलं, त्यावर शेणकाला, परत पाचट. गावात चेष्टा सुरू झाली. "काय वहिनी, आज कुणाचं लग्न जेवलात?" मीही ठेवून द्यायचे, "तुमच्याच भाच्याचं. मसालेभात खारट होता." एकदा पत्रावळ्यांमधून लग्नपत्रिका निघाली, आणि बघते तर काय, आमच्याच चुलत नणंदेच्या मुलीचं लग्न! आम्हाला आमंत्रण नव्हतं, उष्ट्या पत्रावळ्या तेवढ्या घरपोच आल्या. मी ती पत्रिका पुसून आत्यांना दाखवली. त्यांनी ती चुलीत घातली आणि दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत.

ढिगाला मात्र त्यांचा पहिल्या दिवसापासून विरोध होता. पहिलं पिंप उतरलं तेव्हाच त्या बांधावर येऊन उभ्या राहिल्या. "ह्ये काय आणलंस?"

"खत करणार आहे, आत्या."

"खरकटं हाय ह्ये. वावरात खरकटं न्हाई घालत."

झालं! माझे कान बंद. मी म्हणाले, "आत्या, टोमॅटोला सोवळं नसतं."

हे मी चार बायकांसमोर बोलले. बायका हसल्या. आत्यांचा चेहरा उतरला, आणि मला ते दिसलं, तरी त्या क्षणी मी जिंकल्यासारखी उभी राहिले. त्या एवढंच म्हणाल्या, "मग त्या वावरात मी पाऊल टाकायची न्हाई, आन तितलं एक टमाटं तोंडात घालायची न्हाई." आणि आत्या बोललेलं फिरवत नाहीत.

माघ संपता संपता ढीग बसला. काळा झाला, हाताला गरम लागायला लागला, वास बराच कमी झाला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! येणाऱ्या-जाणाऱ्याला मी मूठभर उचलून दाखवायचे. ते सगळं आम्ही बेडवर, म्हणजे लांबट उंच वाफ्यांवर पसरलं, ट्रॅक्टरने रोटर मारला, मल्चिंग पेपर अंथरला आणि रोपं लावली. आठ-दहा दिवस रोपं तरारली. मी आत्यांच्या पुढ्यातून मुद्दाम गुणगुणत जायचे.

बाराव्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी झाल्या. कुणी इस्त्रीने पोळवाव्यात तशा. मग नवी पानं बारकी, जाड आणि गडद निघायला लागली. ठिबकचं पाणी जिथे टपकतं तिथे भोवती पांढरी बुरशी आलीय असं मला वाटलं. दुकानातून दोन-तीन फवारण्या आणून झाल्या. फरक पडेना तेव्हा मी आणखी शहाणपणा केला. बाजूला राखून ठेवलेलं तेच खत मूठ मूठ प्रत्येक रोपाच्या बुडाशी घातलं. आजारी माणसाला चार घास जास्त द्यावेत तसं. त्यानंतर तर रोपांनी मानच टाकली. जी जगली त्यांना फळ धरलं ते सुपारीएवढं आणि खालून काळं पडलेलं.

आत्या रोज सकाळी बांधापर्यंत यायच्या, वावरात पाऊल घालायच्या नाहीत. रोपांकडे बघून मान हलवायच्या आणि म्हणायच्या, "खरकटं गं, खरकटं." मला वाटायचं, म्हातारी शाप देतेय. एकदा मी भांडलेच. म्हटलं, "तुमच्या मनासारखं झालं ना? नाचा आता." त्या मागे वळल्या. काठी टेकत घरी गेल्या.

पहिला उन्हाळा हातचा गेला. हे टोचून बोलले नाहीत, पण एक दिवस जेवताना म्हणाले, "एकच ऱ्हायला." मी ताटावरून उठले.

मग ह्यांनीच वावरातली माती पिशवीत भरली. आम्ही एसटीने घोडेगावला गेलो, पंचायत समितीत चौकशी केली आणि तपासणीला नमुना दिला. काही दिवसांनी कागद आला. त्यावर आकडे आणि 'विद्युत वाहकता' असा एक शब्द. म्हटलं, आता वावरात काय लाइटबिल येतंय का? तिथल्या साहेबांनी समजावून सांगितलं, "ताई, क्षार वाढलेत. फार वाढलेत. काय घातलं होतं?" मी लग्नाच्या जेवणाचं सांगितलं. ते कपाळाला हात लावून हसले. शिजलेलं अन्न, त्यातलं मीठ, वर आमटीचा रस्सा, लोणची, पापड. मी पिंपंच्या पिंपं मीठ जमिनीत ओतलं होतं. ती पांढरी बुरशी नव्हतीच, मीठच वर आलं होतं.

घरी आलो तेव्हा आत्या ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "काय लिव्हलंय कागदावर?"

"क्षार वाढलेत," मी म्हणाले.

"म्हंजी?"

"मीठ, आत्या. जमिनीत मीठ झालंय."

लसणाची पाकळी त्यांच्या हातात तशीच राहिली. "मग मी काय सांगत व्हते?"

"तुम्ही मिठाचं कधी म्हणालात? तुम्ही खरकटं म्हणत होता!"

"आता खरकटं म्हंजी दुसरं काय आस्तं गं? शिजलं, मीठ पडलं, की झालं खरकटं."

मी दारातच बसले. अठरा वर्षं हा शब्द ऐकत होते. शेंगदाण्याचा हात चालतो, भाजीचा चालत नाही. म्हणजे ही बाई मला रोज स्वयंपाकघरात सांगत होती आणि मी तिला अडाणी समजत होते.

तरी माझा तिखटपणा गेला नाही. मी म्हणाले, "मग तेव्हाच सांगायचं ना, की मीठ आहे, रोपं जळतील म्हणून!"

त्यावर आत्यांनी सूप बाजूला सरकवलं आणि एक गोष्ट सांगितली. त्यांनी ती कुणालाच सांगितली नव्हती, ह्यांनाही नाही. त्या नव्या नवरी होत्या तेव्हा घरात पंधरा माणसं जेवायची आणि भांडी त्यांच्याकडे. ताटं विसळलेलं पाणी, खरकटवणी, एरवी गुरांच्या आंबोणात, भिजवलेल्या भुशा-पेंडीत, जायचं. परसात त्यांनी हौसेने मिरचीची रोपं लावली होती. माहेरून बी आणलं होतं. पाण्याची ओढ होती म्हणून ते खरकटवणी आणि राखेचं पाणी त्या रोज रोपांना घालायच्या. रोपं कडांपासून जळत गेली. त्यांच्या सासूने बघितलं आणि चारचौघींत ओरडली, झाडाला खरकटं घातलंस, हात बाटका हाय तुझा!

"म्या लई वरसं मानलं, माझा हातच वाईट म्हणून," आत्या म्हणाल्या. "परत बी टोचलं न्हाई म्या कशाचं. तुझं सासरं म्हणायचं, ये लावणीला, तर मी जायाची न्हाई. मग येकदा लोणच्याची बरणी फुटली, खार वघळला कढीपत्त्याच्या बुडात. तो बी तसाच जळाला. कडंपासनं. तवा कळलं."

"मग सांगायचं होतं ना, आत्या."

"कुणाला सांगू? सासू कवाच गेली व्हती. आन तू आलीस ती जुन्नरची, शिकल्याली. मला ज्यो शब्द दिला त्योच म्या तुला दिला. माझ्यापाशी त्येवढाच व्हता."

मला रडू आलं. आत्यांच्या पुढ्यात मी त्याआधी कधी रडले नव्हते. त्या म्हणाल्या, "आता रडू नगं, त्यात बी मीठच आस्तंय." आणि परत लसूण सोलायला लागल्या.

त्या पावसाळ्यात आम्ही वावराला हात लावला नाही. म्हणजे टोमॅटो लावला नाही. मीठ धुवून निघावं म्हणून पावसाचं पाणी आडवेतिडवे चर काढून वावरातून वाहू दिलं, ताग पेरला आणि फुलावर येताच गाडून टाकला. आणि आत्यांनी नवा कायदा केला. "मीठ पडायच्या आधीचं सगळं आण. मीठ पडल्याव काडी बी नगं."

लग्नसराई सरली तरी कार्यालयात साखरपुडे, बारशी चालूच असायची. तिथल्या आचाऱ्याला हे सांगितलं तर तो चक्रावला. पण भाजी सकाळी चिरली जाते आणि फोडणी नंतर पडते, एवढं त्यालाही माहीत होतं. फ्लॉवरचे दांडे, वाटाण्याची सालं, कांद्याची टरफलं, कोथिंबिरीच्या काड्या, नारळाच्या शेंड्या, मांडवातल्या झेंडूच्या माळा. हे सगळं चुलाणं पेटायच्या आधी वेगळ्या पिंपात जायला लागलं. आत्या पिकअपमधून स्वतः यायच्या आणि भटारखान्याच्या मागच्या पायरीवर बसून पिंप तपासायच्या. एकदा गोणीत तळलेला पापड सापडला. त्यांनी अख्खी गोणी परत पाठवली. आचारी मला हळूच म्हणाला, "वहिनी, नवरीकडची माणसं परवडली, पण तुमच्या सासूबाई नको." आत्यांना ऐकू गेलं होतं. दिवसभर खुशीत होत्या.

जुन्नरच्या बागवान चाचांनाही मी फोन केला. आता थकलेत, दुकान मुलगा बघतो. आमचा कायदा ऐकून चाचा हसत सुटले. "बेटी, फळाला आम्ही मीठ लावत नाही. गोण्या भरून ठेवतो." हे जुन्नरला भाडं घेऊन गेले की येताना केळीची सालं आणि सडके चिक्कू यायचे. माझ्या लहानपणीचा तो कोपरा असा एवढ्या वर्षांनी माझ्या दारात आला.

ढीग वाढत गेला. गाईचं शेण, गोमूत्र, पाचट, मध्ये मध्ये जुन्या उकिरड्याची माती, विरजण घालावं तशी. दर पंधरा दिवसांनी मी तो वरखाली करायचे. दिवाळीच्या पाडव्याला संध्याकाळी आत्या दरवर्षीसारखा उकिरड्यावर दिवा ठेवायला गेल्या. एरवी त्या चार टोपल्यांच्या ढिगापुढे वाकून ठेवायच्या. या वेळी ढीग त्यांच्या डोक्याच्या वर होता, हात पुरेना. मला म्हणाल्या, "तू ठेव." घरात तो दिवा कायम त्यांनीच ठेवलेला. मी पणती घेतली आणि टाचा उंचावून ढिगावर ठेवली.

दुसऱ्या उन्हाळ्याला रोपं लावली आणि मी बारावा दिवस मोजायला लागले. सकाळी उठलं की आधी वावरात. पानाच्या कडा चिमटीत धरून बघायच्या. अकरावा दिवस, हिरव्या. बारावा दिवस, हिरव्या. पंधराव्या दिवशी ह्यांनी विचारलं, "काय म्हणत्यात?" मी म्हणाले, "अजून काही म्हणत नाहीत." फुलं आली तरी मी कुणाला बोलावून दाखवलं नाही की गुणगुणले नाही. मागच्या वर्षीची तोंडाची कडू चव गेली नव्हती. आत्या अजूनही बांधावरच थांबायच्या. खत त्यांच्या कायद्याने केलेलं, पण बोललेलं फिरवायचं नाही, म्हणून पाऊल आत नाही.

पहिल्या तोड्याच्या दिवशी सकाळी आम्ही क्रेट मांडत होतो आणि भट्टीवाल्याची जीप येऊन उभी राहिली. त्याला दोन उन्हाळ्यांचा शब्द दिला होता, तो बरोबर लक्षात ठेवून आला होता. झाडं फळांनी वाकली होती हे खरं, पण एका तोड्यावरून हे काय ठरवतील, मला ठाऊक नव्हतं. हे क्रेट मांडतच राहिले.

भट्टीवाला सरळ दोन बेडच्या मधल्या सरीत शिरला, खाली बसला आणि मूठभर माती उचलली. दाबली. मूठ उघडली. ढेकूळ व्हायच्या ऐवजी ती त्याच्या बोटांमधून घरंगळली. त्याने पुन्हा उचलली, थुंकी लावून मळली, अंगठ्याने वळवून बघितली. त्यातून एक गांडूळ निघालं, ते त्याने झटकून टाकलं.

"पावणं, ह्या मातीला काय केलंत?" तो म्हणाला. "पार भुसभुशीत झाली. कुजकं लई हाय हिच्यात. वीट धरायची न्हाई, भट्टीत चिरंल. मला न्हाई चालायची."

हे एकदम मोठ्याने हसले. आमच्या लग्नापासून मी ह्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "मग नेऊ नका," ते म्हणाले. "टमाटे घेऊन जावा." त्याच्या जीपमध्ये त्यांनी स्वतःच्या हाताने अर्धा क्रेट ठेवला. मी सरीतच बसकण मारली आणि मातीवर हात ठेवून बसले. ती गार होती, ओलसर होती, आणि आता कुठे जाणार नव्हती.

जीप गेली. बांधावर आत्या उभ्या होत्या. त्यांनी चपला काढल्या आणि काठी टेकत, दोन वर्षांत पहिल्यांदा, वावरात आल्या. मला कुणी सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं. एका झाडाजवळ थांबून त्यांनी पिकलेलं, लालबुंद एक फळ तोडलं आणि पदराला पुसलं. मग पदराच्या टोकाची गाठ सोडली. गाठीत चिमूटभर मीठ होतं.

म्हणजे बाई घरून निघतानाच ठरवून निघाली होती.

आत्या सरीच्या बाहेर, बांधाच्या दगडावर जाऊन बसल्या. मीठ लावून एक मोठा घास घेतला. रस हनुवटीवरून ओघळला तो मनगटाने पुसला. डोळे मिटून चावत राहिल्या. मी समोर उभी, शाळेत निकालाला उभी असावी तशी. उरलेलं अर्धं, त्यांच्या दातांची खूण असलेलं, त्यांनी माझ्यापुढे धरलं.

खरकट्या हाताने डावाला शिवू न देणारी बाई. मी ते घेतलं आणि खाल्लं. मीठ जरा जास्त झालं होतं. माझ्या डोळ्यांतलं होतं का त्यांच्या गाठीतलं, कोण जाणे.

हात चिकट झाला म्हणून मी ठिबकच्या नळीखाली धरायला वाकले, तशी आत्यांची काठी आडवी आली.

"हितं नगं," त्या म्हणाल्या. "मीठ लागलंय त्याला. घरला मोरीत धू."

मी खरकटा हात उचलून धरला आणि घराकडे निघाले.